संशोधनाचा पैसा ठरतो त्या खोलीत पेशंटला खुर्ची का नाही?

मेतकूट (धागाकर्ती)

पुणे हे आरोग्य-संशोधनाचं शहर आहे, हे आपण अभिमानाने सांगतो आणि पुढे जातो. विषाणू संस्था १९५२ पासून इथे आहे, भोसरीची एड्स संशोधन संस्था १९९२ पासून. ससून-बीजेमध्ये चाचण्या चालू असतात, इथल्या केईएम रुग्णालयाचं वढू गावात केंद्र आहे. आईचा गरोदरपणातला आहार आणि बाळाला पुढे मोठेपणी होणारा मधुमेह यांचा संबंध शोधणारा केईएमचा गाजलेला अभ्यास १९९३ मध्ये सुरू झाला तो पुण्याजवळच्या सहा गावांतच. म्हणजे रक्त द्यायला, वजन करून घ्यायला, फॉर्मवर सही करायला आपली माणसं पहिल्यापासून हजर आहेत. पण कुठला अभ्यास करायचा आणि त्याला पैसे द्यायचे की नाही, हे ठरतं तेव्हा यांच्यातलं कोण असतं?

कोणी नसतं. प्रस्ताव लिहितात डॉक्टर, तपासतात त्याच विषयातले दुसरे डॉक्टर आणि शास्त्रज्ञ, शिक्कामोर्तब करते तज्ज्ञांची समिती. त्यांचा हेतू वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण आजार घेऊन चोवीस तास जगणाऱ्याला जे कळतं, ते केस पेपरवरून कळत नाही.

माझंच उदाहरण घ्या. मला आमवात आहे, डॉक्टरांच्या भाषेत रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. या आजाराच्या औषधांच्या चाचण्यांत वर्षानुवर्षं काय मोजलं गेलं? सुजलेले सांधे किती, दुखणारे किती, ईएसआर किती, सीआरपी किती (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या). रात्रभर झोपूनही न जाणारा थकवा, दुपारी चार वाजता हातातली परात खाली ठेवायला लावणारा, तो त्या यादीत नव्हताच. चाचण्यांत काय मोजावं हे ठरवणारा ओमेरॅक्ट नावाचा एक आंतरराष्ट्रीय गट आहे. २००२ मध्ये त्यांनी रुग्णांना बैठकीत बसवलं आणि रुग्णांनी थकव्याचा विषय लावून धरला. पुढच्या काही वर्षांत थकवाही मोजला पाहिजे अशी शिफारस झाली. एवढे हुशार लोक इतकी वर्षं त्यावर काम करत होते, आणि ही गोष्ट समोर बसलेल्या बाईला विचारल्यावर कळली.

आता पैशाचं. अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या संशोधनासाठी १९९२ पासून चक्क संरक्षण खात्याच्या बजेटमधून मोठी रक्कम निघू लागली. त्यामागे रुग्ण-बायकांच्या संघटनांचा रेटा होता. १९९५ पासून तिथे प्रस्ताव तपासणाऱ्या समित्यांत कॅन्सरमधून गेलेल्या बायका बसतात, गुण देतात, आणि त्यांचं मत शास्त्रज्ञाच्या मताइतकंच धरलं जातं. २०१० च्या आरोग्य कायद्यातून तिथे पीकोरी नावाची संस्था निघाली, तिच्या समित्यांतही शास्त्रज्ञांच्या शेजारी रुग्ण असतात. ब्रिटनची सरकारी निधीसंस्था एनआयएचआर तर सर्वसामान्य लोकांकडून प्रस्तावांवर लेखी मतं मागवते.

आपल्याकडे असं काही व्हावं का? झालं तर तुम्ही बसाल का? आणि बसून काय सांगाल? खरंच ऐकायचं आहे.

चहाटळ

पुणेकरांना मार्क द्यायला बसवणार? एकही प्रस्ताव पास होणार नाही. 'विषय चांगला आहे, पण आमच्या वेळी असं संशोधन नव्हतं' असा शेरा मारून दुपारी एकच्या आत घरी.

विनोद सोडा. विषय महत्त्वाचा आहे, वाचतोय.

शंकेखोर

मी प्रयोगशाळेत काम करतो, आणि प्रस्ताव लिहिणे, नाकारले जाणे, पुन्हा लिहिणे हा माझा अर्धा व्यवसाय आहे. त्यामुळे थोडं कडू बोलतो.

एक, मूलभूत संशोधनाचं काय? १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरत होती. पुण्याच्या विषाणू संस्थेने त्यामागचा विषाणू शोधला. हा प्रश्न कुठल्या पेशंटच्या यादीत आला असता? प्रथिनाची घडी कशी पडते यावरचा प्रस्ताव आमवात झालेल्या ताईंनी तपासावा म्हणजे नेमकं काय करावं?

दोन, ज्या आजाराची माणसं जास्त बोलकी त्याला जास्त पैसा. धागाकर्तीने दिलेलं उदाहरणच बघा. स्तनाच्या कॅन्सरच्या बायका संघटित होत्या, पैसा मिळाला. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे रुग्ण संघटना उभी करण्याइतके जगत नाहीत. त्यांच्या वतीने कोण ओरडणार? साप चावलेल्या शेतमजुराची संघटना तुम्ही कधी पाहिलीत?

तीन, रुग्णांच्या काही संघटनांना औषध कंपन्या देणग्या देतात, हे उघड गुपित आहे. त्या खुर्चीवर उद्या कंपनीचाच माणूस पेशंटचा चेहरा लावून बसेल.

मेतकूट

शंकेखोर, दुसरा आणि तिसरा मुद्दा मान्य, त्यावर उत्तर शोधावंच लागेल. पण कंपन्यांचा पैसा तज्ज्ञांपर्यंत पोचतच नाही असं तुम्हालाही म्हणायचं नसेल. हितसंबंध जाहीर करण्याचा नियम दोघांनाही लावा.

प्रथिनाच्या घडीवर मी काहीही करू नये. पण माणसांवर होणारं संशोधन कितीतरी आहे, तिथूनच सुरुवात करू.

भोरकर

>> कुठल्या पेशंटच्या यादीत आला असता?

पेशंटच्या नसेल आला. पण मेलेली माकडं आधी बघितली असणार ती जंगलात लाकूडफाट्याला जाणाऱ्यांनीच. नमुने घेणारे मागून आले असतील. असो, चालू द्या.

लंडनस्थ

मूळची डेक्कनची, आता बरीच वर्षं इकडे. एनआयएचआरसाठी मी असे प्रस्ताव वाचते. डॉक्टर नाही, नर्स नाही. घरात एक हृदयाचा पेशंट आहे, एवढीच माझी पात्रता. प्रत्यक्षात कसं चालतं ते लिहिते, कारण बाहेरून लोकांना वाटतं की आम्ही स्टॅटिस्टिक्स तपासतो.

ईमेल येतो, अमुक विषयाचा प्रस्ताव आहे, वाचाल का? हो म्हटलं की कागद येतात. सगळं कळावं अशी अपेक्षाच नसते. प्रत्येक अर्जात साध्या भाषेतला सारांश सक्तीचा असतो, तो आधी वाचायचा. मग सांगायचं की हा प्रश्न रुग्णांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे का. भाग घेणाऱ्यांना जे करायला सांगताय ते त्यांना झेपेल का. मोजताय त्या गोष्टीने रुग्णाच्या जगण्यात फरक पडतो का. अर्ज लिहिताना रुग्णांशी बोललात का, की शेवटच्या रात्री एक परिच्छेद घुसडलात? (हा घुसडलेला परिच्छेद तिसऱ्या ओळीत ओळखू येतो, विश्वास ठेवा.) विज्ञान बघायला दुसरे लोक असतात. आमची मतं आणि त्यांची मतं एकत्र समितीपुढे जातात, आणि त्या समितीतही सामान्य लोकांतले सदस्य असतात. थोडं मानधन मिळतं. मी नको म्हटलं म्हणून प्रस्ताव पडत नाही. पण समितीला त्याचं उत्तर अर्जदाराकडे मागता येतं.

शंकेखोर यांच्या दुसऱ्या मुद्द्यावर: इथे २००४ पासून जेम्स लिंड अलायन्स नावाचा उपक्रम आहे. एका आजाराचे रुग्ण, त्यांना सांभाळणारे घरचे लोक आणि उपचार करणारे एकत्र बसवतात आणि त्या आजारातले अजून उत्तर न मिळालेले दहा सगळ्यात महत्त्वाचे प्रश्न ठरवतात. आवाज कोणाचा मोठा यापेक्षा प्रश्न कुठला मोठा हे बघायची ती एक रीत. २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात गुडघेदुखीवरचा एक लेख आला होता, तो मुळातून वाचण्यासारखा आहे. संशोधन बहुतेक गोळ्यांवर चाललेलं, आणि रुग्णांना हवं होतं गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनबद्दल आणि आपलं आपण काय करावं याबद्दल.

एक वाईट बाजूही सांगते. आमच्यासारखे वाचणारे बहुतेक निवृत्त, शिकलेले, गोरे, वेळ असलेले. मी जाते तेव्हा टेबलावर रंगाने वेगळी बऱ्याचदा मीच. ब्रिटनला ते अजून धड सुटलेलं नाही, पुण्याने आधीच विचार करावा.

निवृत्त_कारकून

मी एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरचं संशोधन नीतीला धरून आहे ना हे तपासणाऱ्या समितीवर, सामान्य नागरिक म्हणून बसतो, संस्थेचं नाव लिहीत नाही. 'आपल्याकडे कोणीच नसतं' हे वाक्य म्हणून थोडं दुरुस्त करतो. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. त्यांनुसार एथिक्स कमिटीत किमान सात माणसं लागतात, निम्मी तरी संस्थेबाहेरची, किमान एक स्त्री, आणि एक सामान्य माणूस, म्हणजे मी. मी नसेन तर कोरम होत नाही. त्यामुळे बैठकीच्या आदल्या दिवशी मला जितके प्रेमळ फोन येतात तितके माझ्या मुलांचे येत नाहीत.

पण धागाकर्तीचा मुद्दा खरा आहे. माझ्यापुढे फाइल येते तेव्हा प्रश्न ठरलेला असतो, किती माणसं घ्यायची ठरलेलं असतं, किती वेळा बोलवायचं ठरलेलं असतं, पैसा कुठून येणार तेही बहुतेक ठरलेलं असतं. मी बघायचं ते माणसाला इजा होणार नाही ना, त्याला नीट सांगितलंय ना, मराठी कन्सेंट फॉर्म कळण्यासारखा आहे ना. 'हा अभ्यास कशाला?' असं एकदा विचारलं होतं. अत्यंत सभ्य शांतता पसरली आणि पुढची फाइल उघडली गेली. माझं काम माणसाला वाचवण्याचं. त्याच्या उपयोगाचं काही होतंय का हे बघायला वेगळी खुर्ची लागेल, आणि ती माझ्या खुर्चीच्या बरीच आधी लागेल.

हवं असेल त्यांनी सीटीआरआय बघा. चाचण्यांची नोंदणी करणारी सरकारी वेबसाइट, २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तिथे सक्तीची आहे. कोणालाही उघडता येते. प्रत्येक नोंदीत एक शास्त्रीय शीर्षक असतं आणि एक लोकांसाठीचं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. बऱ्याच ठिकाणी लोकांसाठीच्या शीर्षकात फक्त दोन शब्द कमी केलेले सापडतील.

टिळकरोडवाला

अवांतर: संशोधनाचा पैसा इमारती आणि उद्घाटनं यांवर जातो, त्यावर कोणी धागा काढेल का?

चहाटळ

काढा की, दारात रांगोळी घालून ठेवतो.

बरी_झालेली

मी टीबीतून बरी झालेली आहे. साधा नाही, एमडीआर, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. तेव्हा रोज एक इंजेक्शन असायचं, कॅनामायसिनचं, महिनोन् महिने. बसता यायचं नाही इतकं दुखायचं. आणि कानावर परिणाम. माझ्या डाव्या कानात अजून शिट्टी वाजते, फोन उजव्याच कानाला लावते. माझ्याबरोबर इंजेक्शन घ्यायला येणारा एक मुलगा पूर्ण बहिरा झाला, कॉल सेंटरला कामाला होता.

त्या वेळी कोणी विचारलं असतं की टीबीवर कशाचं संशोधन करू, तर रांगेतल्या प्रत्येकाने एकच उत्तर दिलं असतं: सुई काढा. गोळ्या कितीही द्या. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की कॅनामायसिन वापरू नका, आता गोळ्यांवरच उपचार होतात. छान झालं. पण बहिरेपणा येतो हे पुस्तकात कितीतरी आधीपासून लिहिलेलं होतं ना? जीव वाचतोय ना, मग कानाचं काय एवढं, असा हिशोब कोणीतरी केलाच असेल. तो हिशोब चालला होता तेव्हा खोलीत एक तरी बहिरा झालेला माणूस असता तर?

आता टीबी चॅम्पियन म्हणून, म्हणजे बरी झालेली पेशंट म्हणून दुसऱ्या पेशंटना मदत करायला, वस्तीत काम करते. मला इंग्रजीतला प्रस्ताव द्याल तर मी नाही वाचू शकणार. मराठीतून द्या, मी वाचते आणि लिहूनही देते.

शंकेखोर

बरी_झालेली, हे वाचून गप्प बसावं असं वाटलं, पण मुद्दा राहतो म्हणून लिहितो. सुई काढायची तर तिच्या जागी घालायला औषध लागतं. बेडाक्विलिन ही नवी गोळी आली म्हणून सुई गेली. ते औषध तयार करण्याचं संशोधन पेशंटच्या मताने पुढे गेलं नसतं, रसायनशास्त्राने गेलं.

मात्र हेही खरं की औषध हाताशी आल्यावर कशाच्या जागी काय तपासायचं, घाई कशाची करायची, हे ठरवणं रसायनशास्त्र नाही. तिथे तुमची खुर्ची असायला माझी हरकत नाही. अमेरिकेत एड्सच्या काळात हेच झालं होतं. १९८८ मध्ये त्यांच्या औषध नियामकाच्या दारात आंदोलन झालं, आणि पुढे त्यातलेच काही लोक चाचण्या ठरवणाऱ्या समित्यांत जाऊन बसले. विषाणूशास्त्र इतकं शिकून गेले होते की समोरच्यांना उत्तरं द्यावी लागली.

मेतकूट

एड्सवरून आठवलं, आपल्या भोसरीतच एचआयव्हीच्या लसीची चाचणी २००५ मध्ये सुरू झाली, तेव्हा लोकांचं सल्लागार मंडळ होतं. म्हणजे पुण्याला हे अगदीच नवीन नाही. फक्त ते मंडळ चाचणी कशी करायची, लोकांना कसं सांगायचं यासाठी. करायची की नाही आणि पैसा द्यायचा की नाही, ते वरूनच ठरून आलेलं.

भोरकर

आता माझं. ही चर्चा वाचताना मला एकच भीती वाटते. समिती होणार, बैठक शिवाजीनगरला, सकाळी अकरा वाजता, एसी खोलीत. येणार कोण? कोथरूड, औंध, बाणेर. मधुमेह असलेले, इंग्रजी येणारे, अमेरिकेतल्या मुलाने प्रिंट काढून पाठवलेले. वाईट माणसं नाहीत, पण पुणे जिल्हा म्हणजे तेवढंच नाही. आमच्याकडून एसटीने यायचं तर दिवस जातो, मजुरी जाते, आणि तिथे बसून 'हं, हं' करत चहा पिऊन यायचं.

पण होत नाही असंही नाही. २००७ पासून राज्यात सरकारी दवाखान्यांवर लोकांनी देखरेख ठेवायचं काम सुरू झालं, लोकाधारित देखरेख. पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होता. आरोग्यावर काम करणाऱ्या पुण्याच्या साथी संस्थेकडे राज्याचं समन्वयाचं काम होतं. गावात समिती बसून दवाखान्याला गुण द्यायची, आरोग्य केंद्राची प्रगतिपुस्तकं भिंतीवर लागायची, आणि मग जनसुनवाई. मेडिकल ऑफिसर खुर्चीवर, समोर गाव. औषधं बाहेरून आणायला का सांगितली, उत्तर द्या. जिथे शाळा सातवीच्या पुढे नाही तिथल्या बायका उभं राहून विचारायच्या. त्यांना आरोग्य व्यवस्थेतलं कळत नाही म्हणून कोणी हसलं नाही, कारण हसणाऱ्याचीच पाळी पुढे होती.

तेव्हा सामान्य माणसाला कळेल का हा प्रश्न मला फारसा अवघड वाटत नाही. खरे अवघड प्रश्न तीन: भाषा कुठली, मजुरी कोण भरणार, आणि मताला वजन काय. सल्ला दिला, धन्यवाद, असं असेल तर आम्हाला भात लावणी आहे.

लंडनस्थ

भोरकर, मजुरीचा मुद्दा लाखाचा. इथे प्रवासखर्च आणि मानधन आधीच लिहून दिलेलं असतं, मागावं लागत नाही. आणि एकट्या माणसाला कधी बसवू नये, निदान दोघं तरी. एकटा माणूस तज्ज्ञांपुढे बोलत नाही. याबाबत अमेरिकेतली पद्धत चांगली आहे, नव्या रुग्ण-सदस्याला आधी शिकवणी मिळते आणि एक अनुभवी जोडीदार.

रेसिडेंट_बाई

लॉग इन करायचं नव्हतं, पण राहवलं नाही. मी पुण्यातच मेडिसिनची निवासी डॉक्टर आहे. थीसिससाठी एका छोट्या निधीला अर्ज करायचा आहे. सारांश मराठीत लिहून इथे टाकते. संस्था विचारू नका. निर्दयपणे तपासा, आमचे सर तपासतात त्यापेक्षा बरं असेल.

"मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे अशा रुग्णांना पायाला जखम होते आणि ती लवकर कळत नाही. काही वेळा पाय कापावा लागतो. आम्ही अशा रुग्णांचे दोन गट करणार आहोत. एका गटाला एमसीआर रबराची मऊ चप्पल आणि पायाच्या काळजीची माहिती देऊ, दुसऱ्या गटाला फक्त माहिती. सहा महिने दर महिन्याला ओपीडीत बोलावून तळपायावर पडणारा दाब यंत्राने मोजू. चपलेने दाब कमी होतो का हे यातून कळेल. अभ्यास जूनमध्ये सुरू होईल."

मेतकूट

पहिली शाबासकी, एका दमात कळलं. दुसरं, दाब कमी झाला हे कळून मी काय करू? मला विचाराल तर जखम झाली का, किती दिवस घरी बसावं लागलं, हे मोजा. दाब हवा तर बाजूला मोजा.

निवृत्त_कारकून

चप्पल घराबाहेरची. आपली माणसं घरात अनवाणी असतात, देवळात अनवाणी, स्वयंपाकघरात अनवाणी. जखम कुठे होते ते आधी विचारलंत का? माझ्या मेहुण्याला झाली ती बाथरूमच्या कडेला.

शिवाय जूनमध्ये सुरू करताय, म्हणजे आषाढी वारी. तुमच्या गटातले काही लोक पालखीबरोबर चालायला निघतील, त्यातले काही अनवाणी. ऑक्टोबरात नवरात्र, नऊ दिवस चप्पल न घालणाऱ्या कितीतरी बायका मला माहीत आहेत. हे तुमच्या फॉर्ममध्ये कुठे नोंदवणार?

आणि सहा महिन्यांनंतर चप्पल उपयोगी ठरली, तर दुसऱ्या गटाला ती मिळणार का? हे कन्सेंट फॉर्ममध्ये नसेल तर माझ्यासारखा कोणीतरी विचारेलच, आधीच लिहा.

भोरकर

एमसीआर चप्पल गावाकडे लोक ओळखतात, कुष्ठरोग्याची चप्पल म्हणून. सरकारी दवाखान्यातून तीच मिळायची. ती घालून कोणी एसटी स्टँडवर उभं राहणार नाही, विशेषतः ज्यांच्या घरात मुलीचं लग्न ठरायचं आहे. तुमच्यासमोर ओपीडीत घालून येतील, फाटकाबाहेर गेलं की पिशवीत. बाहेरून साध्या सँडलसारखी दिसेल अशी बनवून घ्या, रबर आत काहीही असो.

जून-जुलैत भात लावणी. गुडघाभर चिखलात चप्पल कोण घालतं? तेव्हाच पायाला सगळ्यात जास्त लागतं. तुमचा अभ्यास म्हणेल चपलेचा उपयोग नाही, आणि चप्पल बिचारी पडवीत असेल.

बरी_झालेली

दर महिन्याला ओपीडी म्हणजे दर महिन्याला खाडा. धुणंभांडी करणाऱ्या बाईला चार घरी सांगावं लागतं, एखादं घर सुटतंच. संध्याकाळी किंवा रविवारी करता येईल का? किंवा दोन वेळा बोलवा आणि मधल्या वेळी आशाताईंना पाय बघायला सांगा. आणि बसचे पैसे त्या दिवशी हातात द्या. खात्यात जमा होतील म्हणून सांगतात, ते दिवाळीनंतर होतात.

शंकेखोर

गंमत बघा. भोरकर आणि कारकून जे सांगतायत ते आमच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही उपचार नीट घेतला गेला की नाही हेच मोजत नाही आहात. चप्पल दिवसातून किती तास पायात होती हे माहीत नसेल तर दाबाच्या आकड्याला काडीचा अर्थ नाही. मी हा प्रस्ताव याच मुद्द्यावर परत पाठवला असता. फक्त मी 'अनुपालनाची नोंद नाही' एवढं लिहिलं असतं, आणि तुम्ही एक रकाना वाढवून तोच प्रस्ताव पुन्हा पाठवला असता. पडवीतली चप्पल मला दिसली नसती.

प्रथिनाच्या घडीबाबत माझं मत कायम आहे.

रेसिडेंट_बाई

सगळ्यांचे आभार. कागदावर उतरवून घेतलं. सरांशी बोलले. जखम हा मुख्य निकष करायचा तर जास्त माणसं आणि जास्त काळ लागेल, ते माझ्या थीसिसच्या मुदतीत बसत नाही. पण चप्पल रोज किती वेळ घातली, कुठे काढली आणि का काढली, हा अभ्यास करता येईल, आणि सर म्हणाले की कदाचित तोच आधी व्हायला हवा. सँडलसारखी बनवून देणारा माणूस शोधतेय, खर्च वाढेल. प्रवासखर्चाचा आकडा बदलला. आशाताईंचं अजून नक्की नाही, त्यांच्यावर आधीच किती कामं आहेत ते मलाही माहीत आहे. सुरुवात नोव्हेंबरला ढकलली, लावणी आणि नवरात्र दोन्ही टळतात.

भोरकर

टाळू नका! लावणीतच तर लागतं. टाळलीत तर उत्तर खोटं येईल.

रेसिडेंट_बाई

हं. मग वर्षभराचा करावा लागेल. बघते.

तोवर एक मदत करा. घरात घालायला वेगळी जोडी दिली, फक्त घरातली, तर तुमच्याकडचे मधुमेही लोक घालतील का? हो किंवा नाही, आणि का, एवढंच लिहा.

निवृत्त_कारकून

हो. देवघर सोडून.

मेतकूट

आई घालेल, पण तिला वाकून पट्टा लावता येत नाही. पट्ट्याशिवायची द्या.

बरी_झालेली

आमची खोली दहा बाय दहाची आहे. तिथेच झोपतो, तिथेच जेवतो. घरातली चप्पल ठेवणार कुठे ते आधी सांगा, मग विचारते सासूबाईंना.